रविवारच्या राईडला ई-सायकल चालेल का? आणि घ्यायची तर कोणती?

राजेंद्रनगरी

नमस्कार मंडळी. इंदूरात राजेंद्रनगर, अन्नपूर्णा, सुदामानगर या भागातला आमचा रविवारचा सायकल ग्रुप आहे. शर्यत नाही, मेडल नाही. उजाडायच्या आत निघायचं, महू किंवा सिमरोल गाठायचं, पोहे-जलेबी खायची आणि ऊन चढायच्या आत घरी. पावसाळ्यात जानापावची टेकडी किंवा घाटाखालचं चोरल. वय चाळिशीपासून सत्तरीपर्यंत.

सध्या ज्येष्ठ मंडळी गळायला लागली आहेत. एका काकांची अँजिओप्लास्टी झाली, एका वहिनींचे गुडघे कुरकुरतात. सपाटीवर दोघंही छान चालवतात. चढ आला की मागे पडतात, बाकीचे वर थांबून राहतात, आणि "माझ्यामुळे तुमचा खोळंबा नको" म्हणत पुढच्या रविवारी येतच नाहीत. आता दोघंही ई-सायकल घ्यायचा विचार करताहेत आणि त्यावरून ग्रुपमध्ये दोन तट पडलेत.

माझं मत विचाराल तर माणूस घरी बसण्यापेक्षा मोटरच्या मदतीने आलेला कधीही चांगला. पण मला तांत्रिक बाजू आणि कायदा नीट कळत नाही. दुकानदार म्हणतो लायसन्स लागत नाही, नेटवर कुणी म्हणतं लागतं. बॅटरी केवढी हवी? थ्रॉटल (पायडल न मारता मोटर पळवायचा अंगठ्याचा खटका) असावा की नसावा? ज्यांनी वापरली आहे त्यांनी मोकळेपणाने लिहा.

एकगियर

विरोध नोंदवतो.

सायकलवर जेवढं अंतर कापलं तेवढं आपल्या पायांनी कापलं, हा सगळा सौदा आहे. ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राईडमध्ये, मोटर चालत नाही, फ्रान्समधल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला फक्त मानवी शक्तीवर चालणारी वाहनं घेतात. २०१६ मध्ये सायक्लोक्रॉसच्या (चिखल-मातीतल्या सायकल शर्यतीच्या) जागतिक स्पर्धेत बेल्जियमच्या एका तरुण महिला खेळाडूच्या सायकलीत लपवलेली मोटर सापडली आणि तिच्यावर सहा वर्षांची बंदी आली. ती रेषा तिथे कडकपणे आखतात, त्याला कारण आहे.

काका-वहिनींबद्दल पूर्ण आदर आहे. पण त्यांच्यासाठी दोन ग्रुप करा, छोटा पल्ला ठेवा, गियर हलके करून द्या. पुढची छोटी चकती आणि मागे मोठं स्प्रॉकेट (दातेरी चाक) बसवलं तर गुडघ्यावरचा ताण पुष्कळ उतरतो. त्याला बॅटरी लागत नाही.

पोहेजलेबी

भिया, एकच प्रश्न. ई-सायकलवाला महूला आधी पोचला तर सगळ्यांच्या प्लेटा तोच सांगून ठेवणार का? ठेवणार असेल तर माझं मत "हो" धरा.

सुमनताई

@एकगियर, तुमचं म्हणणं स्पर्धेला अगदी बरोबर. आम्ही स्पर्धेत नाही हो.

मी त्रेसष्ट वर्षांची, रामबागेत राहते. दोन्ही गुडघ्यांत झीज आहे. हलके गियर लावून पाहिले. चढावर पाय भराभर फिरवायचे आणि सायकल मात्र जेमतेम सरकायची, एवढ्या कमी वेगात तोल जायला लागतो. बाजूने ट्रक जात असताना सायकल लटपटली की जीव घशाशी येतो. हलक्या गियरने गुडघा वाचतो, तोल वाचत नाही, हे साठीच्या पुढे गेल्यावरच कळतं.

ई-सायकल घेतल्यावर लोकांचा पहिला प्रश्न असतो, "मग तुम्ही नुसत्या बसून असता ना?" नाही. पायडल मारावंच लागतं. थांबवलं की मोटर थांबते. माझ्या हातात ठोके मोजणारं घड्याळ आहे. चढावर ठोके वाढतातच, फक्त पूर्वीसारखे छातीत धडधड होईपर्यंत जात नाहीत. घाम येतो, भूक लागते, रात्री झोप लागते. आणि मुख्य म्हणजे मी परत जायला लागले. पूर्वी राळामंडळच्या टेकडीच्या बाजूचा रस्तासुद्धा टाळायचे.

काकांची अँजिओप्लास्टी झाली आहे तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, ठोके कुठपर्यंत चालतील तो आकडा घ्या आणि मदतीची पातळी त्यावर ठरवा. साध्या सायकलवर ही सोय नसते. चढ जेवढा मागेल तेवढं द्यावंच लागतं.

पीथमपूरकर

मी गाड्यांच्या चाचण्यांच्या क्षेत्रात आहे. (पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किमीचा हाय-स्पीड ट्रॅक आहे, तिथल्या वेगापुढे हा धागा फारच संथ वाहनांचा आहे.) कायद्याचं आधी सांगतो, कारण त्यावर सगळ्यात जास्त अफवा आहेत.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम २(यू) मध्ये बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाची व्याख्या आहे. त्याखालच्या अटी पाळणारं वाहन "मोटार वाहन" धरलं जात नाही, म्हणजे नोंदणी, लायसन्स, विमा काही नको. मोटरची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा, म्हणजे २५० वॅटपेक्षा, कमी हवी. वेग ताशी २५ किमीच्या आत हवा. पायडल-असिस्ट (पायडल मारताना मोटर मदत करते ती) सायकल असेल तर वेग वाढेल तशी मोटरची मदत कमी होत जाऊन २५ ला पूर्ण बंद व्हायला हवी, आणि चालवणाऱ्याने पायडल थांबवलं तर त्याआधीच. बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या वर नको. ब्रेक हवेत, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा.

दोन गोष्टी लोक विसरतात. पहिली, "तीस मिनिटांची शक्ती" म्हणजे मोटर अर्धा तास सलग जेवढी शक्ती देऊ शकते तेवढी. २५० वॅटच्या मर्यादेतली मोटर सुरुवातीला किंवा चढावर क्षणभर त्याहून जास्त जोर देऊ शकते आणि तरीही नियमात बसते. म्हणून "पीक", म्हणजे क्षणभराचा कमाल, आकडा पाहून घाबरू नका आणि भुलूही नका. दुसरी आणि जास्त महत्त्वाची, या अटी पाळल्या आहेत हे नियम १२६ मधल्या चाचणी संस्थेने तपासून प्रमाणित करावं लागतं. पुण्याची एआरएआय, मानेसरची आयकॅट वगैरे. दुकानदाराकडे त्या मॉडेलचं प्रमाणपत्र मागा. चांगला दुकानदार दाखवतो.

राजेंद्रनगरी

@पीथमपूरकर, हे फार उपयोगाचं. मग थ्रॉटल? अंगठ्याने दाबलं की पायडल न मारता पळते ती सायकल नियमात बसते का?

वकीलबुवा

आपल्या नियमात थ्रॉटलला वेगळी बंदी लिहिलेली नाही. लायसन्स न लागणाऱ्या त्या कमी वेगाच्या स्कूटर याच नियमाखाली फिरतात आणि त्या तर पूर्ण थ्रॉटलवरच असतात. शक्ती आणि वेग मर्यादेत असला आणि प्रमाणपत्र असलं म्हणजे झालं.

खरा धोका दुसरीकडे आहे. नेटवर किट मिळतात, जुन्या सायकलच्या चाकात मोटर बसवायची. त्यातले कित्येक ३५०, ५०० वॅटचे. अमेरिकेत मर्यादा ७५० वॅटपर्यंत आहे आणि तिथल्या तिसऱ्या वर्गाच्या सायकली ताशी ४५ किमीपर्यंत मदत करतात, म्हणून परदेशी संकेतस्थळांवर ते आकडे सर्रास दिसतात. आपल्याकडे ती गाडी कायद्याने मोटारसायकलच्या पंगतीत जाते. मग नोंदणी नाही, विमा नाही, लायसन्सही नसेल तर तेही. पोलिसांनी अडवलं नाही म्हणून ती वैध ठरत नाही. कुणाला धडक बसली आणि प्रकरण न्यायाधिकरणात गेलं तर भरपाई थेट खिशातून जाते.

२५० वॅटचं घरगुती किटसुद्धा मी सुचवणार नाही. त्या जोडणीला प्रमाणपत्र कोण देणार?

टूलबॉक्स

किटबद्दल वकीलबुवांशी पूर्ण सहमत, माझं कारण मात्र फ्रेम आणि ब्रेकचं आहे. जुन्या सायकलचे रिम-ब्रेक वीस-बावीस किलोच्या ऐवजाला भेरूघाट उतरताना पुरत नाहीत.

आता खरेदीच्या वेळी मी सगळ्यात आधी काय बघतो ते सांगतो. मोटरची कंपनी नाही, बॅटरी नाही. सेन्सर.

स्वस्त ई-सायकलीत केडन्स सेन्सर असतो. क्रँकजवळ (पायडलच्या दांडीजवळ) चुंबकांची चकती फिरते, ती फिरली की मोटर चालू. तुम्ही जोर लावताय की नुसते पाय फिरवताय हे तिला कळत नाही. त्यामुळे सुरुवातीला क्षणभर काहीच होत नाही, मग एकदम ढकलल्यासारखं होतं, आणि पाय थांबवल्यावरही मोटर किंचित रेंगाळते. म्हणून अशा सायकलींच्या ब्रेकच्या दांडीत कट-ऑफ स्विच असतो. ब्रेक दाबला की मोटर तोडतो. तो चालतोय का हे दुकानातच मागचं चाक उचलून तपासा.

टॉर्क सेन्सर तुम्ही पायडलवर किती जोर देताय ते मोजतो आणि त्या प्रमाणात मदत देतो. जोर वाढवला की मदत वाढते, कमी केला की लगेच उतरते. चालवताना मोटर आहे हे जाणवत नाही, पाय पूर्वीसारखे तरुण झाल्यासारखे वाटतात एवढंच. ग्रुपमध्ये चाकाला चाक लावून चालवायचं असेल तर मी फक्त हाच सेन्सर सुचवेन. केडन्स सेन्सरचा तो अचानक धक्का पुढच्याच्या मागच्या चाकावर नेऊन आदळतो. किंमत वाढते, पण ग्रुप राईडसाठी इथे कंजूषी नको.

मोटर दोन जागी असते. चाकाच्या हबमध्ये (मधल्या तुंब्यात) किंवा मध्ये क्रँकपाशी. मधली मोटर सायकलचे गियर वापरते, म्हणून तीव्र चढावर ती राजा. पण महाग आणि साखळी लवकर झिजवते. आपल्या माळव्यातल्या चढांना मागच्या हबमधली गियरवाली मोटर पुरते. तिच्या आत फ्रीव्हील असतं, त्यामुळे मोटर बंद ठेवून चालवलं तरी ती अडत नाही. ब्रेक मारताना बॅटरी चार्ज होते म्हणून सांगणारी डायरेक्ट ड्राइव्ह मोटर मात्र बंद असताना ओढ देते आणि सायकलसारख्या हलक्या वाहनात परत मिळणारी वीज फारच थोडी.

बडोदेकर

वाचतोय. आमच्या बडोद्यात चढ म्हणजे फ्लायओव्हर. पावागडला माचीपर्यंतचा घाट सोडला तर वॉटेज कुणाला दाखवायचं हाच प्रश्न. पण समोरचा वारा आहे आणि उकाडा आहे. आमच्या ग्रुपमधल्या एकांनी ई-सायकल घेतली ती सकाळी घामाने न भिजता ऑफिसला जायला, आणि आता रविवारीही तीच आणतात.

आमचा अनुभव तुमच्यापेक्षा उलटा आहे हे आवर्जून सांगतो. सपाटीवर आमचा ग्रुप २७-२८ ने चालतो. ई-सायकल २५ ला मदत बंद करते. म्हणजे त्यांना मोटरशिवाय बावीस किलोची जाड टायरची सायकल २८ ने रेटावी लागते. तेच मागे पडतात! सुरुवातीला सगळ्यांना वाटलं होतं की ते पुढे पळतील.

एकगियर

@बडोदेकर, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. म्हणजे फाटाफूट चढावरून सपाटीवर सरकते, एवढंच.

पीथमपूरकर

हो, आणि त्यामागचं गणित सोपं आहे. सायकल, माणूस, पाण्याच्या बाटल्या धरून १०० किलो समजा. ६ टक्के चढावर ताशी १० किमीने जायला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध साधारण १६५ वॅट लागतात. व्यायामाची सवय असलेला साठीचा माणूस शंभरच्या आसपास वॅट बराच वेळ देऊ शकतो. म्हणजे मोटरने भरायची तफावत साठ-सत्तर वॅटची. म्हणून मी म्हणतो, २५० वॅटची मर्यादा रविवारच्या सायकलस्वाराला अपुरी अजिबात नाही. ५०० वॅट मागणाऱ्याला सायकल नको आहे, मोपेड हवी आहे. त्याने सरळ नोंदणीची स्कूटर घ्यावी, त्यात काही गैर नाही.

ही कल्पना जुनी आहे. यामाहाने १९९३ मध्ये जपानमध्ये पास नावाची सायकल आणली, तिथपासून "माणूस जोर देईल त्या प्रमाणात मोटर" हेच तत्त्व आहे. जपानमध्ये आजही मदत वेगाबरोबर उतरत जाऊन ताशी २४ ला संपते.

राजेंद्रनगरी

मग बॅटरीचं गणितही मांडाल का? इंदूर ते जानापाव साधारण ४५ किमी, परत तेवढेच. दुकानात ३६ व्होल्ट, ७.५ अँपिअर-तासाची बॅटरी दाखवली. "साठ किलोमीटर जाते" म्हणाले.

पीथमपूरकर

३६ गुणिले ७.५, म्हणजे २७० वॅट-तास. नेहमी हा गुणाकार करूनच बॅटरीची तुलना करा, किलोमीटरच्या जाहिरातीवर नको. तो आकडा सगळ्यात खालच्या मदतीचा, हलक्या माणसाचा आणि सपाट रस्त्याचा असतो.

आता जानापाव. इंदूर समुद्रसपाटीपासून ५५० मीटरवर, जानापावची टेकडी सुमारे साडेआठशेवर. फरक ३०० मीटर. १०० किलो तेवढं उचलायला निव्वळ ८२ वॅट-तास लागतात. त्यातलं निम्मं तुम्ही दिलंत तर मोटरच्या वाट्याला ४१, आणि मोटरमध्ये उष्णतेत जाणारं धरून बॅटरीतून साधारण ५५ निघतील. मधले छोटे चढउतार धरून थोडं वर.

पण सपाटीवर मध्यम मदत चालू ठेवली तर दर किलोमीटरला सहा-आठ वॅट-तास सहज जातात. ९० किलोमीटरला सहाने गुणा, ५४०. बॅटरीच्या दुप्पट.

म्हणजे बॅटरी चढावर संपत नाही, सपाटीवर उधळली जाते. महूपर्यंत मोटर बंद किंवा मदत एक नंबरवर (सगळ्यात कमी), मानपूरच्या बाजूच्या चढांवर आणि टेकडीवर दोन-तीन नंबर. याच बॅटरीत जाऊन येणं होतं आणि व्यायामही होतो. टूलबॉक्स म्हणाले ते फ्रीव्हील इथे कामाला येतं.

टूलबॉक्स

उत्तम. त्यात आपल्या भूगोलाची एक खोच जोडतो. जानापावला जाताना चढ, येताना उतार. चोरलचं उलट आहे. आपण माळव्याच्या पठाराच्या कडेवर राहतो, सिमरोलच्या पुढे भेरूघाटातून खाली उतरतो तेव्हा सगळे खूश असतात, आणि परतीला उन्हात तोच घाट चढायचा असतो. पाताळपाणीकडे कालाकुंडच्या बाजूने खाली गेलात तरी तेच. तिकडे जाताना बॅटरी परतीसाठी राखायची.

डिस्प्लेवर बॅटरी किती उरली ते दाखवणाऱ्या बारवर विसंबू नका. स्वस्त डिस्प्ले फक्त व्होल्टेज बघतो. चढावर भार आला की व्होल्टेज दबतं, बार धपकन दोनने उतरतात, सपाटीवर परत चढतात. नवीन माणूस घाबरून मोटर बंद करतो आणि चढावर उतरून ढकलतो. किती वॅट-तास वापरले हे मोजणारा डिस्प्ले असेल तर सोनं.

नवखी

माझा प्रश्न बाळबोध आहे. पहाटे सुपर कॉरिडॉरवर कुत्री मागे लागतात. ई-सायकलने त्यांच्या पुढे निघता येतं का?

पोहेजलेबी

२५ च्या पुढे मोटर बंद, हे कुत्र्यांना कळू देऊ नका म्हणजे झालं.

सुमनताई

@नवखी, पळवू नकोस गं. वेग कमी कर, आवाज देऊन दटाव, गरज पडली तर उतरून सायकल मधे धर. पळणाऱ्याच्याच मागे ती लागतात.

ऱ्हाइनकाठी

मूळचा इंदूरचा, सध्या जर्मनीत. इथे हा वाद संपल्यासारखा आहे. २०२३ मध्ये इथे ई-सायकलींची विक्री पहिल्यांदाच साध्या सायकलींच्या पुढे गेली, सुमारे २१ लाख. माझ्या शेजारचे सत्तरीतले जोडपे द्राक्षमळ्यांच्या चढांवर दर शनिवारी फिरतं.

इथलीही रेषा तीच आहे, २५० वॅट आणि २५ किमी. त्याच्या आतली सायकल ही सायकलच, सायकल-मार्गावर चालते, विमा नको. त्यावरची ४५ किमीपर्यंतची वेगळी जात आहे. तिला विम्याची नंबरप्लेट, लायसन्स आणि हेल्मेट लागतं, आणि सायकल-मार्गावर यायला बंदी. ही रेषा पाळली जाते म्हणूनच साध्या सायकलवाल्यांनी ई-सायकलवाल्यांना शेजारी मानलं. भारतात मर्यादा तोडलेल्या गाड्या सायकलच्या नावाखाली फिरू लागल्या तर उद्या नियम कडक होतील आणि सुमनताईंसारख्यांची पंचाईत होईल. म्हणून वेगमर्यादा काढून देणाऱ्या मेकॅनिकला ग्रुपने थारा देऊ नये, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

वकीलबुवा

शंभर टक्के. त्यात प्रमाणपत्रही जातं आणि कंपनीची वॉरंटीही.

तिसरा_माळा

तंत्रज्ञान झालं, कायदा झाला, जिन्याचं काय? आमच्या इमारतीत लिफ्ट नाही. साधी सायकल खांद्यावर नेतो. बावीस किलो कोण नेणार? पार्किंगमध्ये ठेवली तर चोरीची भीती, आणि चार्जिंगला खाली पॉइंट नाही.

टूलबॉक्स

बॅटरी निघणारी घ्या. ती दोन-तीन किलोची असते, कुलूप उघडून घरी आणायची, सायकल खाली साखळीने खांबाला. फ्रेमच्या आत कायमची बसवलेली बॅटरी दिसायला सुंदर असते, तुमच्या घरासाठी निरुपयोगी. चार्जर साधारण ४२ व्होल्ट, २ अँपिअरचा, म्हणजे २७० वॅट-तासांना साडेतीन-चार तास धरा. साध्या पाच अँपिअरच्या सॉकेटवर चालतो.

किल्लेदार

ग्वाल्हेरहून. उरवाई दरवाजाच्या चढावर माझी ई-सायकल रोज परीक्षा देते, पण मला चढापेक्षा उन्हाची काळजी जास्त. आमच्याकडे मे महिन्यात पंचेचाळीसपर्यंत पारा जातो, तुमच्याकडेही बेचाळीस-त्रेचाळीस होतोच.

लिथियम बॅटरीला दोन गोष्टी मिळून मारतात, उष्णता आणि पूर्ण चार्ज अवस्थेत पडून राहणं. राईडवरून आल्याआल्या तापलेली बॅटरी चार्जरला लावायची नाही, तास-दोन तास सावलीत निवू द्यायची. दोन आठवडे वापरणार नसाल तर निम्म्या चार्जवर घरातल्या थंड खोलीत ठेवायची. १०० टक्के शनिवारी रात्री करायचं, मंगळवारी करून पाच दिवस ठेवायचं नाही. गाडीच्या बंद डिकीत दुपारी ठेवायची नाही, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत तर मुळीच नाही.

आणि चार्जिंग दाराच्या वाटेत, पलंगाखाली करू नका. माझ्या एका मित्राने नेटवरून बिनानावाची स्वस्त बॅटरी मागवली होती, ती चार्ज करताना फुगली. आतला बीएमएस, म्हणजे प्रत्येक सेलवर नजर ठेवून गरज पडल्यास प्रवाह तोडणारं सर्किट, निकृष्ट निघालं. सायकल कुठलीही घ्या, बॅटरी आणि चार्जर त्याच कंपनीचेच वापरा.

नवखी

अजून एक. भाऊ बेंगळुरूला आहे, सायकल विमानाने नेता येईल का?

वकीलबुवा

बॅटरीसकट नाही. प्रवासी विमानात १६० वॅट-तासांच्या वरची लिथियम बॅटरी हातातही नेता येत नाही, सामानातही नाही. तुझी २७० ची असेल.

एकगियर

सगळे प्रतिसाद पुन्हा वाचले. सुमनताईंचा तोल जाण्याचा मुद्दा मला पटला. हलक्या गियरचा माझा सल्ला तरुण गुडघ्यांना लागू आहे, साठीच्या तोलाला तो पुरत नाही.

तरी दोन अटींवर ठाम आहे. ग्रुप राईडमध्ये थ्रॉटल वापरायचा नाही. सिग्नलला किंवा चढावर बंद पडलेली सायकल पुन्हा हलवायला दोन सेकंद, बस. आणि राईड नोंदवणाऱ्या ॲपमध्ये ती ई-बाईक राईड म्हणूनच टाकायची, तिथे तसा वेगळा प्रकार आहे. भेरूघाटाचा माझा वेळ मी वर्षानुवर्षे घासून कमावला आहे, ॲपमधल्या त्या वेळांच्या यादीत मोटर नको.

सुमनताई

दोन्ही अटी मान्य. यादीत मला माझं नाव नकोच आहे, मला घाट हवा आहे.

बडोदेकर

@एकगियर, सपाटीची अटही घाला. ई-सायकल ग्रुपमध्ये असेल त्या दिवशी सपाटीवर २३-२४ च्या वर जायचं नाही. आम्ही हे ठरवल्यावर सगळे एकत्र राहायला लागले. चढावर ई-सायकलवाल्यांनी पुढे न पळता मागच्या दोघांबरोबर राहायचं, सपाटीवर आपण त्यांच्याबरोबर राहायचं.

राजेंद्रनगरी

खूप आभार सगळ्यांचे. काल काका-वहिनींना घेऊन दोन दुकानं फिरलो. हे सगळं छापून नेलं होतं. एका ठिकाणी प्रमाणपत्राचं नाव काढल्यावर विषय बदलला, तिथून निघालो. दुसऱ्या ठिकाणी चाचणी अहवाल दाखवला, मागचं चाक उचलून ब्रेकचा कट-ऑफ दाखवला आणि बायपासच्या पुलावर चढ चालवून पाहू दिला. वहिनी टॉर्क सेन्सरवालीवरून उतरायला तयार नव्हत्या. काकांनी मदत एक नंबरवर ठेवून ठोके पाहिले, डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याच्या आत राहिले.

दोघांचीही पसंती ठरली: मागच्या हबची गियरवाली मोटर, टॉर्क सेन्सर, निघणारी बॅटरी, पुढे-मागे डिस्क ब्रेक. बजेट मात्र वाढलं. पंचवीस-तीस हजारांत ई-सायकल सुरू होते खरी, पण टॉर्क सेन्सर त्याच्या बराच वर जातो. जीएसटी विजेवरच्या वाहनांना ५ टक्के आहे, तेवढाच दिलासा. वहिनींनी लगेच ठरवून टाकलं, काका दिवाळीपर्यंत थांबणार.

ग्रुपसाठी एकगियर आणि बडोदेकर यांच्या तिन्ही अटी घेतल्या आहेत. पहिली राईड जानापावच ठेवली आहे, चोरल नाही, टूलबॉक्स यांच्या सांगण्यावरून. बॅटरी दमली तरी परतीला उतार असेल.

एक राहिलं. मोटरच्या चाकाचं पंक्चर रस्त्यात कसं काढायचं?

टूलबॉक्स

हे विचारलंत ते बरं केलंत, दुकानदार कधीच सांगत नाहीत. मागच्या मोटरच्या चाकाला झटपट निघणारी दांडी नसते, दोन्ही बाजूंना नट असतात, बहुतेक सायकलींना १८ नंबरचा पाना लागतो. तो सॅडलच्या पिशवीत ठेवाच. आधी बॅटरी बंद करा. चेनस्टेवर (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळीवर) वायरचा गोल जोड असतो, त्यावर बाणाची खूण असते. सरळ ओढायचा, पिळायचा नाही. मग नट सोडवा आणि अॅक्सलवरचे वॉशर कुठल्या क्रमाने निघाले त्याचा फोटो काढून ठेवा. त्यातला एक वॉशर अॅक्सलला फिरू देत नाही, तो उलटा बसला तर मोटर स्वतःची वायर पिळून टाकते.

पण बहुतेक वेळा चाक काढायची गरजच पडत नाही. टायरची एक बाजू रिमवरून उतरवा, ट्यूब तेवढी बाहेर ओढा, हवा भरून भोक शोधा, जागच्या जागी पॅच लावा. वहिनींना राईडच्या आधी घरी एकदा हे करून दाखवा. शनिवारी संध्याकाळी मी मोकळा आहे, येतो पाना घेऊन.

पोहेजलेबी

महूत थांबायचं ते जुन्या ठिकाणीच ना? माझ्या पोह्यांवर सेव जास्त.